बाटलीच्या गळ्यातली गाठ

औषधानं माणूस बरा होतो यावर ज्यांचा काडीचाही विश्वास नव्हता, असे औषधवाले उभ्या नाशकात एकच होऊन गेले आणि ते नेमके माझ्या वाट्याला आले. औषध म्हणजे त्यांच्या लेखी घरात पाळलेला नाग होता. अजून चावला नाही, एवढंच त्याचं चांगलं. गिऱ्हाईक बाटली घेऊन पायरी उतरलं, की त्याच्या घरात आता काय काय होऊ शकतं याची चित्रं त्यांच्या डोळ्यांपुढून सरकायला लागत. मूल बाटली तोंडाला लावतंय, आजोबा चष्म्याशिवाय चमचा भरतायत, सासूची गोळी सुनेनं सासऱ्याला दिलीय. रस्त्याच्या वळणावर माणूस दिसेनासा होईपर्यंत ते त्याच्या पाठीकडे बघत राहायचे आणि मग एक लांब सुस्कारा सोडून म्हणायचे, "बघू. उद्या दिसला तर खरं." पहिल्या आठवड्यात मला हसू येत असे. दुसऱ्या आठवड्यात मीही त्या पाठीकडे बघायला लागले.

तो काळ सत्तरच्या दशकाच्या शेवटाचा. मी फार्मसीच्या पदविकेला होते. आमच्या प्राचार्यांना एक दिवस साक्षात्कार झाला, की पोरांना औषधांची नावं तोंडपाठ आहेत, पण आजारी माणसापुढं उभं कसं राहावं याची अक्कल एकालाही नाही. झालं, त्यांनी 'पालक' योजना काढली. शहरातल्या एकेका मुरलेल्या फार्मासिस्टच्या पदरात एकेक विद्यार्थी टाकायचा. दुपारी कॉलेज सुटलं की पालकाच्या दुकानात जायचं, त्याच्या हाताखाली वागणं-बोलणं शिकायचं. शेवटी पालकानं येऊन सांगितलं, की 'हिच्यावर काउंटर सोडायला हरकत नाही', की पोर सुटली. हे शब्द कानी पडल्याशिवाय प्राचार्य प्रशिक्षणाच्या कागदावर सही करत नसत. चिठ्ठ्या टाकून वाटप झालं. माझ्या मैत्रिणीच्या वाट्याला आलेले पालक दुपारी गल्ल्यामागे घोरत आणि दुकान तिच्यावर टाकत. ती महिन्याभरात सुटली. माझी चिठ्ठी उघडल्यावर वरच्या वर्गातली मुलं माझ्या घरी कुणी वारल्यासारखी भेटायला आली. "गंगापूर रोडवाले?" एकजण म्हणाला. "त्यांनी अजून कुणालाच सोडलेलं नाही. माझा मित्र तर कंटाळून बँकेच्या परीक्षेला बसला."

माझं तसं चालणार नव्हतं. माझे वडील एकलहऱ्याला वीज केंद्रात कामाला, आम्ही तिथल्याच कॉलनीत राहायचो. कॉलनीच्या दवाखान्यात औषधं देणाऱ्याची जागा निघणार होती आणि ती माझीच, असं वडिलांनी विहारात येणाऱ्या झाडून सगळ्या मंडळींना सांगून ठेवलं होतं. एका रविवारी ते पालकांना भेटायलाही आले. हात जोडून म्हणाले, "साहेब, पोरगी हुशार हाय, पन लय घाई करती. तिला काय ते नीट शिकवा." पालकांचा चेहरा उतरला. वडील चहा पिऊन गेल्यावर ते माझ्याकडे वळून म्हणाले, "घाई करता? हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" आणि त्या दिवसापासून त्यांनी मला पाण्याचा पेलासुद्धा सावकाश भरायला लावला. हो, 'तुम्ही'च म्हणायचे. काउंटरची फळी उचलून आत आलं की तिथं अरे-तुरे बंद. बाहेर पायरीवर "अगं, डबा खाल्लास का?" विचारणारा माणूस आत आल्यावर "हात धुतलेत का आपण?" म्हणे.

त्यांच्या दुकानाचा पहिला नियम असा, की बाटलीवरची चिठ्ठी तीनदा वाचायची, आणि तीही मोठ्यांदा. एकदा फळीवरून काढताना, एकदा औषध ओतताना आणि एकदा बाटली जागच्या जागी ठेवताना. हा नियम आम्हाला पुस्तकातही होता, पण पुस्तकातले नियम पुस्तकात ठेवायचे असतात हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. ते घरीही तसंच वागत. स्वयंपाकघरातल्या मिठाच्या डब्यावर 'मीठ' लिहिलेलं होतं आणि आमटीत चिमूट टाकायची तरी ते तीनदा वाचत. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला म्हणाल्या, "लग्नपत्रिका छापून आली तेव्हा ह्यांनी माझं नाव तीनदा वाचलं, मगच बोहल्यावर चढले. आता चूक झाली असेल तर ती त्यांची." एस. टी. स्टँडवर गाडीची पाटी वाचण्याचंही तेच. दुसऱ्यांदा वाचून होईतो गाडी भरायची आणि तिसऱ्यांदा वाचेतो सुटायची. मग ते धुरळ्यात उभं राहून समाधानानं म्हणत, "भलत्याच गावाला जाण्यापेक्षा घरी गेलेलं बरं."

दुसरा नियम गिऱ्हाइकासाठी होता. औषध कसं घ्यायचं हे आपण सांगितल्यावर त्यानं ते आपल्याला परत म्हणून दाखवायचं. म्हणून दाखवल्याशिवाय बाटली हातात मिळायची नाही. एकदा एक नामांकित वकील भडकले. "मी कोर्टात दिवसभर बोलतो, मला काय पाढे म्हणायला लावता?" पालक शांतपणे म्हणाले, "तर मग साक्ष चांगली द्याल. सांगा, जेवणाआधी की जेवणानंतर?" वकीलसाहेबांना आठवेना. पालकांनी त्यांना पुन्हा सगळं सांगितलं, पुन्हा म्हणून घेतलं, आणि ते गेल्यावर मला म्हणाले, "पाहिलंत? हा माणूस आज रात्री गेला असता." पाचक चूर्ण होतं हो ते!

आणि तिसरा नियम म्हणजे गुपित. कोण काय नेतं हे दुकानाच्या बाहेर काढायचं नाही. यात कुणाला वावगं वाटणार नाही. पण पालक एवढ्यावर थांबले असते तर ते पालक कसले? औषध नेणाऱ्याला ते बाहेर ओळखही दाखवत नसत. बघणाऱ्याला वाटेल, ह्यांची ओळख कशी? दुकानातली असेल. दुकानात का गेला असेल? अशी त्यांची साखळी. एका लग्नात त्यांचे सख्खे साडू समोरून हसत, हात पसरून आले आणि हे त्यांच्या खांद्यावरून मांडवाची झालर बघत निघून गेले. साडूंनी पुढं कित्येक वर्षं अबोला धरला. काकूंनी डोकं आपटून घेतलं, पण ह्यांनी कारण काही सांगितलं नाही, कारण ते सांगायचं तर दुखणंही सांगावं लागलं असतं. साडूंना काय झालं होतं ते मला ठाऊक आहे. पण मी तरी ते कसं सांगू? शिकवण आहे.

एवढं करूनही त्यांच्या जिवाला स्वस्थता नव्हतीच. सकाळी दुकान उघडण्याआधी ते सायकलवर टांग मारून आदल्या दिवशीच्या गिऱ्हाइकांच्या घरांवरून एक फेरी काढत. दारात उभं राहून विचारायचा संकोच, म्हणून नुसती घंटी वाजवत. गंगापूर रोडच्या लोकांना सवय झाली होती. घंटी वाजली की खिडकीतून आवाज यायचा, "घेतलं हो औषध! जिवंत आहे!" मी एकदा काकूंना हळूच विचारलं, की ह्यांच्या हातून पूर्वी कधी काही भलतंसलतं झालं होतं का. काकू कोथिंबीर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कधीच नाही गं. आजवर एकदाही नाही. त्याचाच तर त्यांनी धसका घेतलाय."

अशा माणसानं माझ्यावर काउंटर सोडायचं होतं! "येत्या गुरुवारी मी दुपारभर बाहेर जातो, तुम्ही सांभाळा," असं ते दर आठवड्याला म्हणत. गुरुवारी टोपी घालून निघतही. मी दोन गिऱ्हाइकं करून मान वर काढावी, तर समोरच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात हे आपले उभे. सायकल उलटी टाकलेली, चाक फिरतंय, आणि ह्यांचे डोळे माझ्या हातांवर. त्या सायकलीला पंक्चर कधी नव्हतंच. दुरुस्तीवाले रशीदभाईही वैतागले. "ताई, इनको बोलो ना, मेरे गिऱ्हाईक को जागा नाही राहत." मला रडू यायचं. परीक्षा जवळ येत होती, कॉलनीतली जागा निघाल्याची बातमी आली होती, आणि वडील रोज संध्याकाळी माझ्या तोंडाकडे बघत. आपण खरंच कधीतरी कुणाला मारू, अशी भीती ह्या माणसानं माझ्यात पेरून ठेवली होती, आणि त्याबद्दल मला त्यांचा मनापासून राग येत होता.

शेवटी काकूंनीच मनावर घेतलं. नाशिकरोडला त्यांच्या भाचीचा साखरपुडा होता. त्यांनी पालकांचा दंड धरला आणि रिक्षात घातलं. पाटी वाचायला वावच ठेवला नाही. रिक्षा वळेपर्यंत ते मागच्या बाजूनं वाकून मला ओरडून सांगत होते, "सुतळी! सुतळी विसरू नका!"

ही सुतळी म्हणजे त्यांची खास पद्धत. तेव्हा पातळ औषधं बरीचशी दुकानातच बनत आणि लोक बाटल्या घरून आणत. कुणाची सरबताची, कुणाची तेलाची. पोटात घ्यायच्या आणि वरून लावायच्या औषधाच्या बाटल्या कित्येकदा जुळ्या बहिणींसारख्या दिसत. म्हणून वरून चोळायच्या औषधाच्या बाटलीला पालक गळ्याशी सुतळी गुंडाळून एक घट्ट गाठ मारत. लिहिता-वाचता येत नसलं, घरात दिवा नसला, तरी बोटाला गाठ लागली की ही तोंडात घालायची नाही, एवढं कळावं.

रिक्षा गेली आणि थोड्या वेळानं हौसाबाई आल्या. त्यांचा आनंदवलीच्या पुढं फुलांचा मळा. शेवंती-झेंडू गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, विकून रिकामी पाटी डोक्यावर घेऊन परतताना त्या दुकानावरून जात. डॉक्टरांची चिठ्ठी होती: गुडघ्याला चोळायला टर्पेंटाइनचं तेल आणि लहानग्या नातीला खोकल्याचं पातळ औषध. बाटल्या त्यांनी आणलेल्याच होत्या, दोन्ही एकसारख्या. मी सगळं सगळं केलं. तीनदा वाचलं, चिठ्ठ्या डकवल्या, तेलाच्या बाटलीला गाठ मारली, वरून ओढून बघितली. "सांगा बघू, मावशी."

"गाठीची हाय ती चोळायची. बिनगाठीची नातीला, येक येक चमचा." हौसाबाईंनी धडा खडाखडा म्हटला आणि त्या गेल्या.

मला इतकं बरं वाटलं, की मी काउंटर पुसायला घेतला. पुसता पुसता पायरीकडे लक्ष गेलं. तिथं केळीच्या खोडाच्या सालीचा एक तुकडा पडला होता. फुलवाल्या हार ओवायला वापरतात तो ओलसर, चिवट धागा, ताजा तोडलेला. मी तो उचलून बघितला आणि एकदम उमगलं. पाटीत बाटल्या गडगडू नयेत, बुचं निघू नयेत, म्हणून त्या बाईनं पायरीवर बसून बाटल्यांच्या गळ्यांना धागा बांधून त्या पाटीच्या काठाला अडकवल्या असणार. उभा जन्म गाठी मारण्यात गेलेली बाई. एकाच बाटलीला कशाला बांधेल? दोन्हीला बांधेल. म्हणजे घरी पोचताना दोन्ही बाटल्या गाठीच्या होतील. आणि त्यातली एक चमचा चमचा करून एवढ्याशा पोरीच्या पोटात जाणार होती.

दुकान सोडून जायचं तर बंद करावं लागणार होतं. औषधांचं दुकान उघडं टाकून जायचं नाही, हे तर कुणीही सांगेल. आणि दुपारच्या वेळी हे दुकान बंद झालेलं गंगापूर रोडनं कधी पाहिलं नव्हतं. पालकांनी पहिल्यांदा काउंटर सोडला आणि परत येऊन बघतात तर कुलूप! कॉलनीतली जागा, वडिलांचा चेहरा, सगळं माझ्या डोळ्यांपुढं आलं. खोटं कशाला सांगू, मी क्षणभर थांबले. मग फळ्या लावल्या, कुलूप ओढून बघितलं, एकदा, दोनदा, तीनदा, आणि पालकांची दांडीची सायकल काढली. साडी खोचलेली, वरून पांढरा कोट फडफडतोय, अशी मी भर दुपारी आनंदवलीकडे सुटले. रशीदभाई हातातला पंप टाकून रस्त्यात आले. आयुष्यात मी इतकी घाबरले नव्हते. प्रत्येक वळणावर मला ती पोर दिसत होती, आणि मी तिला कधी पाहिलेलंही नव्हतं.

मळ्यात पोचले तेव्हा साखळी पडली होती आणि मी सायकल ढकलत पळत होते. ओट्यावर नात मांडी घालून बसलेली, अंगात झबलं नाही. तिची आई छातीला काहीतरी चोळत होती. शेजारी हौसाबाई पाय पसरून गुडघा चोळत होत्या. दोन्ही बाटल्या समोर, दोन्हींच्या गळ्यात केळीच्या धाग्याची गाठ, तेलाच्या बाटलीची सुतळी त्याखाली झाकलेली.

"काय पाजलंत हिला?" मी ओरडलेच.

"काय बी नाय पाजलं," सून घाबरून म्हणाली. "आत्याबाई म्हनल्या गाठीची चोळायची. दोन्हीला गाठ हाय. मंग दोन्ही चोळतोय."

हौसाबाई मान हलवत म्हणाल्या, "मला बी वाटलं, पोटातलं कायच कसं दिलं नाय डाक्टरनं? पन म्हनलं, शिकल्याली पोरगी हाय, तिला जास्त कळतंय."

मी खाली वाकून पोरीच्या छातीचा वास घेतला. ज्येष्ठमध आणि साखरेचा पाक. पोर नखशिखांत चिकट झाली होती, पाठीवर दोन मुंग्याही चढल्या होत्या, आणि ती स्वतःच्या छातीवरून बोट फिरवून ते मजेत चाटत होती. हौसाबाईंच्या गुडघ्याला टर्पेंटाइनचा भपकारा. म्हणजे ज्याचं त्याला मिळालं होतं. मी तिथंच ओट्यावर बसले आणि हसता हसता रडायला लागले. सुनेनं मला पाणी दिलं. मग मी खोकल्याच्या बाटलीवरचा धागा कापला, पोरीला चमचाभर औषध पाजलं आणि निघण्याआधी घरातल्या प्रत्येकाकडून, पोरीकडूनसुद्धा, सगळं म्हणून घेतलं.

परतले तेव्हा बंद दुकानापुढं पालक उभे होते. साखरपुड्यातून साखर हातात पडायच्या आत पळून आले होते. डोक्यावरची टोपी हातात, चेहरा पांढराफटक. रशीदभाईंनी त्यांना काय सांगितलं होतं देव जाणे. मी कुलूप उघडलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. धागा, गाठी, चोळलेलं औषध, मुंग्या. मला वाटलं, संपलं. आता बँकेची परीक्षा.

त्यांनी काउंटरची फळी उचलली, पण ते आत आले नाहीत. फळी तशीच खाली ठेवली आणि बाहेर, गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले. त्या बाकावर त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. कपाळ दाबून म्हणाले, "डोकं फार दुखतंय हो. एक गोळी द्या."

मी फळीवरून बाटली काढताना वाचली, गोळी काढताना वाचली, ठेवताना वाचली. "जेवणानंतर घ्या. उपाशीपोटी नको. सांगा पाहू."

"जेवणानंतर. उपाशीपोटी नाही," ते शहाण्या मुलासारखे म्हणाले. मग हात पुढं करून त्यांनी बाटली मागून घेतली आणि चिठ्ठी स्वतः तीनदा वाचली. तेवढं काही त्यांच्यानं सुटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ते कॉलेजात गेले आणि प्राचार्यांना म्हणाले, की हिच्यावर काउंटर सोडायला हरकत नाही, कारण वेळ आली तर ही काउंटर सोडून जाते. प्राचार्यांना ते कळलं नाही म्हणे. सही मात्र केली त्यांनी.

सुतळी त्या दिवसापासून बंद झाली. पालकांनी भांडी बाजारातून पितळी घुंगरं आणली आणि चोळायच्या बाटल्यांना बांधायला सुरुवात केली. धाग्याची नक्कल कुणीही करील, घुंगरू कोण बांधतंय? पण मग गंगापूर रोडनं गुडघेदुखीची माणसं छुमछुम करत घरी जायला लागली आणि कुणाला काय झालंय ते साऱ्या रस्त्याला कळू लागलं. घुंगरू गुपिताच्या नियमाच्या अंगावर धावून आलं. त्या आठवड्यात पालकांना जेवण गेलं नाही. अखेर घुंगरं काकूंच्या देव्हाऱ्यात गेली आणि वरून लावायच्या औषधांसाठी त्यांनी पदरच्या खर्चानं निळ्या बाटल्या ठेवल्या.

मी कॉलनीच्या दवाखान्यात लागले. वर्षं गेली. दुकान त्यांचा मुलगा बघू लागला; पातळ औषधं बनवणं बंद पडलं, गोळ्या पाकिटातूनच यायला लागल्या. ऐंशीचं दशक सरत आलं असताना काकूंचा निरोप आला: ये, हे औषध घेत नाहीत. मी धावत गेले. पालक खाटेवर बसले होते, वाळून अर्धे झालेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हृदयाचं दुखणं निघालं होतं आणि रोज न चुकता गोळी घ्यायची होती. पण पाकिटावरची अक्षरं दिसत नव्हती, आणि न वाचता औषध तोंडात घालायचं नाही हा नियम तर त्यांनीच घातलेला. मुलानं वाचून दाखवलं, डॉक्टरांनी समजावलं. ह्यांनी ओठ मिटून घेतले ते मिटलेलेच. "दुसऱ्याच्या वाचण्याचा काय भरवसा?" एवढंच ते म्हणत.

मी हात धुतले आणि पाकीट घेतलं. वाचलं, सावकाश, मोठ्यांदा, त्यांनी शिकवलं होतं तसं. गोळी काढायला पाकीट फिरवलं आणि दुसऱ्यांदा वाचायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"तुम्ही वाचलंत ना?" ते म्हणाले. "मग झालं."

आणि त्यांनी डोळे मिटून तोंड उघडलं. मी गोळी जिभेवर ठेवली, पाण्याचा पेला ओठांना लावला. ती गिळून ते उशीला टेकले. काकू पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या. मला फार भरून आलं. पण पाकीट फडताळात परत ठेवताना मी ते पुन्हा वाचलं, आणि मग आणखी एकदा. त्यांना आता भीती वाटत नव्हती. मला वाटत होती.